डेबियन स्टेबलवर अपडेट अडकतंय, कर्नल बदलत नाही, मशीन बूट होत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

नागपुरात अभ्यासिका, शाळांच्या कॉम्प्युटर लॅब आणि काही छोट्या कार्यालयांची लिनक्स मशिनं माझ्याकडे असतात. बहुतेकांवर डेबियन या लिनक्सचं १२ वं प्रकाशन म्हणजे बुकवर्म आहे, नव्या मशिनांवर डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सी. फोन वर्षभर येतात आणि तक्रार साधारण एकच असते: "भाऊ, अपडेट मारलं आन् आता सुरूच नाही होऊन राह्यलं." नाहीतर, "रोज अपडेट करून राह्यलो, तरी ते पॅकेज मागंच ठेवते."

यात अपडेटचा स्वतःचा दोष क्वचितच निघतो. डेबियन स्टेबलमध्ये (म्हणजे तपासून पक्क्या केलेल्या प्रकाशनात) कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा सिस्टमचा मुख्य प्रोग्राम), जीलिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम वापरतात ती लायब्ररी), ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी), सिस्टमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्राम) अशा गाभ्याच्या गोष्टींची आवृत्ती प्रकाशनानंतर सहसा गोठलेली राहते, आत येतात त्या फक्त दुरुस्त्या. त्यामुळे अडचण बहुधा आजूबाजूला सापडते: भरलेलं बूट पार्टिशन (मशीन सुरू व्हायच्या फाइली असतात तो डिस्कचा भाग), चुकलेलं घड्याळ, मधेच गेलेली वीज, किंवा कुणीतरी "नवीन व्हर्जन पाहिजे" म्हणून सोर्सेसमध्ये (पॅकेजेस कुठून आणायची त्या यादीत) घातलेली दुसऱ्या प्रकाशनाची ओळ. शेवटच्या कारणाने झालेलं नुकसान निस्तरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून त्यावर खाली जास्त लिहिलं आहे.

कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत टाइप करा.

लक्षणं

खालीलपैकी काही दिसत असेल तर पुढचं वाचा.

- ॲप्ट (पॅकेजेस उतरवून अपडेट करणारं साधन) प्रत्येक वेळी काही पॅकेजेस "केप्ट बॅक" म्हणजे मागे ठेवली म्हणून सोडून देतं, आणि त्यात बहुधा कर्नलचं नाव असतं.
- "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड" असा संदेश येतो (डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारं साधन) आणि पुढे काहीच इन्स्टॉल होत नाही.
- इनिट्रॅमएफएस (सुरू होताना कर्नलला लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल) तयार होताना "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" येतं.
- "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट" किंवा "हॅश सम मिसमॅच" येतं.
- अपडेट नीट झालं असं दिसतं, पण चालू कर्नल जुनाच असतो.
- रीस्टार्टनंतर कर्नल पॅनिक होतो आणि रूट फाइलसिस्टम माउंट करता आली नाही असं लिहून येतं, किंवा ग्रब (मशीन सुरू होताना कर्नल लोड करणारा प्रोग्राम) रेस्क्यूचा काळा पडदा दिसतो.
- मशीन सुरू होतं, पण वायफाय किंवा डिस्प्ले गायब.
- एखादा प्रोग्राम "जीलिबसी २.३८ नॉट फाउंड" अशी तक्रार करतो.

काहीही करण्याआधी दोन फाइली वाचा: /व्हार/लॉग/ॲप्ट या फोल्डरमधली हिस्टरी.लॉग आणि टर्म.लॉग. पहिलीत कधी काय बदललं ते असतं, दुसरीत पडद्यावर आलेला पूर्ण मजकूर. "काहीच नाही केलं मी" असं सांगणाऱ्या माणसाच्या मशीनवर काय झालं ते या फाइली नेमकं सांगतात.

घड्याळ

फुकटात होणारी तपासणी हीच. टर्मिनलमध्ये "डेट" टाइप करा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर वीज गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. मग ॲप्टला सर्व्हरवरची यादी भविष्यातली वाटते आणि ते ती नाकारतं. एचटीटीपीएस सर्टिफिकेटही त्याच कारणाने नाकारली जातात. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदला. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. शाळांच्या लॅबमध्ये मशिनं उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत बंद असतात, म्हणून ही तक्रार तिकडून जून-जुलैमध्ये हमखास येते.

लॉक

"कुड नॉट गेट लॉक" आलं तर थांबा. मागे स्वयंचलित सुरक्षा अपडेट चालू असतं, जुन्या हार्डडिस्कवर त्याला वेळ लागतो. लॉकची फाइल हाताने उडवायचा सल्ला सगळीकडे दिलेला असतो, तो पाळू नका. लॉक उडवल्याने आधीचं काम थांबत नाही. दोन प्रक्रिया एकाच वेळी पॅकेजच्या नोंदवहीत लिहू लागतात आणि साधी वाट पाहण्याची गोष्ट खऱ्या बिघाडात बदलते.

कर्नल मागे का राहतो

डेबियनमध्ये कर्नलच्या पॅकेजच्या नावातच आकडा असतो. नवीन कर्नल आला की तो बऱ्याचदा नव्या नावाचं पॅकेज म्हणून येतो. जुनी "ॲप्ट-गेट अपग्रेड" ही कमांड नवं पॅकेज आणतच नाही, म्हणून कर्नल मागे राहतो. "ॲप्ट अपग्रेड" मात्र गरज असेल तर नवं पॅकेज आणते, फक्त जुनं काही काढत नाही. "ॲप्ट फुल-अपग्रेड" काढूही शकते. माझा क्रम असा असतो:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट अपग्रेड
सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड

तिसरी कमांड दिल्यावर काय काढलं जाणार आहे त्याची यादी येते. ती वाचल्याशिवाय हो म्हणू नका. एकदोन जुन्या लायब्ररी असतील तर ठीक. डेस्कटॉपचा अर्धा भाग त्या यादीत दिसला तर नाही म्हणा आणि सोर्सेसच्या तपासणीकडे जा.

"ॲप्ट-मार्क शोहोल्ड" देऊन कुणी काही अडवून ठेवलंय का तेही पाहा. आणि लिनक्स-इमेज-एएमडी६४ हे मूळ पॅकेज इन्स्टॉल आहे याची खात्री करा. त्यात स्वतः कर्नल नसतो, पण सर्वांत नवा कर्नल ओढून आणायचं काम तेच करतं. जागा कमी पडली म्हणून कुणी ते काढलं असेल, तर मशीन सगळी अपडेट घेत राहतं आणि कर्नल मात्र होता तिथेच राहतो. कुठलाही एरर येत नाही, त्यामुळे वर्ष-दीड वर्ष कुणाच्या लक्षात येत नाही.

रीस्टार्ट केलं का?

अभ्यासिकांमधली मशिनं कधी बंदच होत नाहीत, नुसती झोपवलेली असतात. नवा कर्नल डिस्कवर येतो, पण चालू असतो जुनाच. "यूनेम -आर" चालू कर्नलचं नाव दाखवतं, "यूनेम -व्ही" त्याची डेबियनमधली नेमकी आवृत्ती आणि तारीख. जीलिबसी आणि ओपनएसएसएलचंही तसंच आहे. लायब्ररी बदलली तरी आधीपासून चालू असलेल्या सेवा मेमरीतली जुनी प्रतच वापरत राहतात. "नीडरीस्टार्ट" नावाचं पॅकेज टाकून ठेवलं की कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायच्या ते दर अपडेटनंतर कळतं.

इथेच एक गैरसमज दूर करतो. बरेच जण म्हणतात, "अपडेट केलं तरी व्हर्जन तेच दाखवतंय, म्हणजे झालंच नाही." बुकवर्ममध्ये जीलिबसी २.३६ आहे आणि ती शेवटपर्यंत २.३६ राहणार. सुरक्षेची दुरुस्ती मागे आणून त्याच आवृत्तीत बसवली जाते आणि पॅकेजच्या आकड्यामागे "डेब१२यू" असं लिहून पुढचा अंक वाढवला जातो. पाहायचा तो हा शेवटचा अंक.

बूट पार्टिशन भरलंय

माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या मशिनांत हे कारण सर्वांत जास्त वेळा सापडतं.

डीएफ -एच /बूट

वापर नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर पुढचं कर्नल अपडेट अडकणार हे धरून चाला. काही वर्षांपूर्वी इन्स्टॉल करताना बूटसाठी दोन-पाचशे एमबी दिलेले असतात. तेव्हा ते पुरायचे. आता प्रत्येक कर्नलबरोबर त्याची इनिट्रॅमएफएस फाइल येते आणि फर्मवेअरमुळे (हार्डवेअरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे) ती फुगत चालली आहे. ट्रिक्सीच्या प्रकाशन-नोंदींमध्ये बूट पार्टिशन किमान ७६८ एमबी असावं आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावेत असं सांगितलं आहे, त्यावरून अंदाज घ्या.

जागा अशी करा:

सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज

ही कमांड जुने कर्नल नीट नोंदीसकट काढते, पण चालू कर्नल आणि सर्वांत नवा कर्नल ठेवते. बूट फोल्डरमध्ये जाऊन फाइली हाताने डिलीट करू नका. तुम्ही फाइल उडवली तरी डीपीकेजीच्या नोंदीत ते पॅकेज असतंच. पुढच्या वेळी तोच कर्नल पुन्हा इनिट्रॅमएफएस बनवायला जातो आणि अडकतो. त्यातून कुणी चुकून चालू कर्नलचीच फाइल उडवली, तर ते कळतं थेट पुढच्या रीस्टार्टला.

अपडेट आधीच अर्धवट अडकलं असेल तर ऑटोरिमूव्हसुद्धा चालत नाही. तेव्हा चालू नसलेला एक जुना कर्नल नाव देऊन डीपीकेजीने काढावा लागतो. आधी "यूनेम -आर" पाहून चालू कर्नलचं नाव कागदावर लिहून ठेवा, मगच दुसऱ्याला हात लावा.

पार्टिशन फारच लहान असेल तर इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मॉड्यूल्सची किंमत "मोस्ट" आहे ती "डेप" करता येते. मग त्या मशीनला लागतात तेवढेच ड्रायव्हर आत भरले जातात आणि फाइल बरीच लहान होते. मात्र नंतर ती डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर ती बूट होईलच असं नाही. जिथे डिस्का अदलाबदल होतात, त्या शाळेच्या लॅबमध्ये मी हा उपाय करत नाही.

मधेच वीज गेली

डीपीकेजी पॅकेज दोन टप्प्यांत बसवतं. आधी फाइली उलगडतं, मग कॉन्फिगर करतं. वीज या दोन्हींच्या मधे गेली तर पॅकेज अर्धवट अवस्थेत राहतं आणि पुढचं सगळं अडतं. उपाय त्याच क्रमाने:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो डीपीकेजी --ऑडिट

तिसऱ्या कमांडला काहीच उत्तर आलं नाही तर काम झालं. कर्नलचं अपडेट चालू असताना वीज गेली असेल तर रीस्टार्टच्या आधी इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवा आणि ग्रब अपडेट करा:

सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल
सुडो अपडेट-ग्रब

कारण तेव्हा ती फाइल अर्धवट किंवा रिकामी राहिलेली असू शकते, आणि रूट फाइलसिस्टम माउंट न होण्याचा पॅनिक नेमका तिथून येतो.

नागपूरकरांना सांगायची गरज नाही की एप्रिल-मेच्या दुपारी पारा कधी कधी ४५ च्या आसपास जातो, घरोघरी कूलर चालू असतात आणि वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. उष्णतेने यूपीएसच्या बॅटरीचं आयुष्यही कमी होतं. दिवा हिरवा असतो, पण वीज गेली की दोन मिनिटांत मशीन बंद. म्हणून उन्हाळ्यात कर्नल आणि जीलिबसीचं अपडेट सकाळी लवकर करा, आणि त्याआधी यूपीएसला येणाऱ्या विजेचा स्विच बंद करून तो किती वेळ टिकतो ते बघून घ्या. लॅपटॉपला बॅटरी आणि चार्जर दोन्ही हवेत. पहिल्या पावसाच्या विजांच्या दिवसांतही हेच पाळा.

सोर्सेसमध्ये काय लिहिलंय

ईटीसी फोल्डरमधल्या ॲप्टमध्ये सोर्सेस.लिस्ट ही फाइल आणि सोर्सेस.लिस्ट.डी हे फोल्डर, दोन्ही उघडा. बुकवर्मच्या मशीनवर तीन गोष्टी हव्यात: बुकवर्म, बुकवर्म-अपडेट्स आणि बुकवर्म-सिक्युरिटी. सिक्युरिटीची ओळ नसेल तर पुढच्या छोट्या प्रकाशनापर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या पोचत नाहीत. डेबियन ११ वरून १२ वर आलेल्या मशिनांत आणखी एक गोष्ट राहून जाते. १२ पासून फर्मवेअर "नॉन-फ्री-फर्मवेअर" या वेगळ्या विभागात गेलं. तो शब्द ओळीत नसेल तर वायफायचं फर्मवेअर आणि प्रोसेसरचा मायक्रोकोड जुनाच राहतो.

मग नाव बघा. बुकवर्मच्या जागी नुसतं "स्टेबल" लिहिलेलं असेल तर ते आजच बदला. ९ ऑगस्ट २०२५ ला ट्रिक्सी आली आणि "स्टेबल" या शब्दाचा अर्थ एका रात्रीत १२ वरून १३ झाला. ॲप्ट त्या वेळी कोडनेम बदललं म्हणून विचारतं, माणूस सवयीने वाय दाबतो आणि रोजचं अपडेट करता करता पूर्ण प्रकाशनच बदलायला लागतं. जुनं ३२-बिट मशीन असेल तर हे आणखी महत्त्वाचं आहे. ट्रिक्सीमध्ये आय३८६ साठी अधिकृत कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. ती मशिनं १२ वरच राहू द्या.

आता परकी ओळ. एखाद्या प्रोग्रामला जीलिबसी २.३८ हवी असते, बुकवर्ममध्ये ती नसते. कुणीतरी ट्रिक्सीची किंवा उबंटू या दुसऱ्या लिनक्सची ओळ घालून फक्त लिबसी६ (जीलिबसीचं पॅकेज) ओढून आणतं. जीलिबसी म्हणजे घराचा पाया, मशीनवरचे जवळपास सगळे प्रोग्राम तिच्यावर उभे आहेत. ती बदलली की तिच्यामागे एकेक लायब्ररी ओढली जाते. त्यातून ट्रिक्सीमध्ये २०३८ सालच्या तारखेच्या अडचणीसाठी ६४-बिट वेळेचा बदल झाला आहे. त्यामुळे अनेक लायब्ररींच्या नावांच्या शेवटी "टी६४" जोडलं गेलं, आणि जुन्या-नव्या नावांची टक्कर होते. निम्मं १२ आणि निम्मं १३ अशा मशीनला कुणीच तपासलेलं नसतं, आणि जीलिबसी खाली उतरवायला डेबियन आधार देत नाही.

सुरक्षेच्या बाजूनेही हे मिश्रण धोक्याचं आहे. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने एक्सझेड युटिल्सच्या (फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामच्या) ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये दडवलेला मागचा दरवाजा (बॅकडोअर) उघड केला. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या अजून पक्क्या न झालेल्या शाखांमध्ये बाधित पॅकेजेस पोचली होती, स्टेबलमध्ये नव्हती. ज्यांनी स्टेबलवर टेस्टिंगची ओळ घालून ठेवली होती त्यांनी हे संरक्षण स्वतःच काढून टाकलं होतं.

नवा प्रोग्राम हवाच असेल तर आधी बुकवर्म-बॅकपोर्ट्समध्ये बघा. तिथली पॅकेजेस स्टेबलच्याच लायब्ररींवर बांधलेली असतात. नव्या लॅपटॉपचं वायफाय चालत नसेल तर नवा कर्नलही तिथे मिळतो. तिथे नसेल तर फ्लॅटपॅक किंवा कंटेनर वापरा, त्यांच्या लायब्ररी त्यांच्या आतच राहतात.

रीस्टार्टनंतर अडलं तर

घाबरू नका, जुना कर्नल बहुधा जागेवर असतो. सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा मेनू आणा, "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. मशीन आलं की वरच्या इनिट्रॅमएफएस आणि ग्रबच्या कमांड द्या. फक्त डिस्प्ले किंवा वायफाय गेलं असेल तर लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ इन्स्टॉल आहे का पाहा. डीकेएमएसने बांधले जाणारे ड्रायव्हर हेडर्सशिवाय नव्या कर्नलसाठी तयारच होत नाहीत.

ग्रब रेस्क्यूमध्ये "सिम्बॉल नॉट फाउंड" असा शब्द दिसला तर विचारा: या मशीनला मधे एसएसडी बसवला का? जुन्या बायॉस पद्धतीच्या मशीनवर ग्रब-पीसी हे पॅकेज आपण कोणत्या डिस्कवर लिहायचं ते लक्षात ठेवतं. दुकानात डिस्क क्लोन होते, पण ही आठवण जुन्याच डिस्कची राहते. ग्रबचं अपडेट आलं की मॉड्यूल्स नवी होतात, डिस्कच्या सुरुवातीचा भाग जुना राहतो आणि दोघांचं जमत नाही. जुलै २०२० मध्ये बूटहोल या ग्रबमधल्या सुरक्षा-दोषाच्या दुरुस्तीनंतर जगभर अनेक मशिनं अशीच अडली होती. लाइव्ह यूएसबीवरून बूट करून, क्रूटने (डिस्कवरच्या सिस्टममध्ये शिरणाऱ्या कमांडने) आत जाऊन ग्रब योग्य डिस्कवर लिहा, आणि नंतर "डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी" देऊन तीच डिस्क नोंदवा.

स्टेबलचं अपडेटच दोषी असल्याचं उदाहरणही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नल ६.१.६४-१ मध्ये ईएक्सटी४ वरचा डेटा बिघडवणारा दोष सापडला, डेबियनने १२.३ हे छोटं प्रकाशन पुढे ढकललं आणि १० डिसेंबरला दुरुस्त कर्नलसह १२.४ आणलं. तेव्हापासून लॅबमध्ये कर्नलचं अपडेट मी आधी एका मशीनवर करतो, दोन-तीन दिवस चालवतो, मग बाकीच्यांवर.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

"हॅश सम मिसमॅच" नेट आणि मिरर (पॅकेजेस देणारा सर्व्हर) बदलूनही जात नसेल, तर मेमटेस्टने रॅम तपासा. फाइलसिस्टमच्या चुका पुन्हापुन्हा येत असतील तर "स्मार्टसीटीएल -ए" मध्ये रीॲलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे आकडे बघा. ते वाढत असतील तर अपडेट विसरा, मशीन बंद करा. मरत्या डिस्कवर दुरुस्ती चालवली की उरलेला डेटाही जातो.

डिस्क एलयूकेएसने एन्क्रिप्ट केलेली आहे किंवा रेड (अनेक डिस्का एकत्र जोडलेल्या) आहे आणि तुम्ही ती स्वतः लावलेली नाही, तर लाइव्ह यूएसबीच्या पायरीवर थांबा. मशीनवर हिशेब, विद्यार्थ्यांच्या फी नोंदी किंवा रुग्णांची माहिती आहे आणि बॅकअप नाही, तर पहिल्या अपयशानंतरच थांबा. आवश्यक पॅकेज काढलं जाईल असा इशारा ॲप्टने दिला तर उत्तर नाहीच. जीलिबसी आधीच मिसळून बसली असेल तर ती उलटवण्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा डेटा काढून नव्याने इन्स्टॉल करणं जवळपास नेहमीच कमी वेळाचं असतं. जाणकारही बहुधा हेच सांगेल.

बोलवाल तेव्हा पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो, हिस्टरी.लॉग आणि टर्म.लॉग, "डीएफ -एच" चं उत्तर आणि सोर्सेसची फाइल आधी पाठवा. आणि मधल्या काळात ते मशीन पुन्हापुन्हा रीस्टार्ट करू नका.